पाणी पाजणे : एका शब्दप्रयोगाची साक्ष

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी धातूच्या इतिहासाचे दोन टप्पे दृष्टीस पडतात. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ च्या उत्खननात तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या. नेवासे येथे डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात केलेल्या उत्खननात ऐतिहासिक काळाच्या थरांतून लोखंडी वस्तू निघाल्या. तांब्याची धार ठोकूनच कठीण होते. तापवून पाण्यात बुडविल्यास ते उलट मऊ पडते. पाण्याने कठीण होते ते कार्बन मुरलेले लोखंड, म्हणजे पोलाद. तेव्हा नेवाशाच्या वस्तूंविषयी विचारावयाचा प्रश्न, त्यांपैकी कशास पाणी पाजले होते, हा होय.

'पाजणे' हे क्रियापद येथे जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रांच्या या संस्कारास 'पायना' असेच म्हटले असून क्षार, उदक व तैल असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत : बाण व अस्थी छेदणाऱ्या शस्त्रांस क्षार, मांस छेदणाऱ्यांस पाणी, शिरा वेधणाऱ्यांस तेल. फारसी 'आब' या शब्दासही जल आणि शस्त्राचे तेज असे दोन्ही अर्थ आहेत. लोहाराने हे ग्रंथ वाचले नव्हते, हे सांगणे नलगे.

वस्तुतः पोलाद काहीच पीत नाही. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचे स्फटिकजाल बदलते व त्यात कार्बन विरघळतो. सावकाश निवविल्यास तो बाहेर पडून लोखंडाशी संयोग पावतो व मऊ आणि कठीण असे पातळ थर बनतात. एकाएकी निवविल्यास त्यास बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. अडकलेल्या कार्बनने जाल एका दिशेस ताणले जाते. सुईसारख्या दिसणाऱ्या या अतिकठीण, ठिसूळ रचनेस आडोल्फ मार्टेन्स (१८५०-१९१४) याच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. पाण्याचे काम उष्णता ओढून घेण्याचे. खारे पाणी ती अधिक वेगाने ओढते, तेल सावकाश. सुश्रुताचा क्रम या वेगाशी जुळतो, हे लक्षणीय आहे.

पोलादाची ही अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा मार्ग शेफील्डच्या हेन्री सॉर्बी याने १८६३-६४ च्या सुमारास दाखविला. नेवाशाच्या अवजारांसही तीच कसोटी लावावी लागेल. मात्र गंजाखाली धातू शिल्लक असला पाहिजे. आणि मार्टेन्साइट न आढळल्यास पाणी पाजलेच नव्हते असेही म्हणता येत नाही, कारण ते अवजार पुढे एखाद्या आगीत सापडून तापले असेल, तर पाजलेले पाणी तेव्हाच उतरले असेल.