पन्नासावे वर्ष आणि गावकुसाबाहेरचा माणूस

ख्रिस्ती धर्म हा गरिबांचा धर्म आहे, हे विधान आपल्याकडे दोन तोंडांनी केले जाते. मिशनवाले ते अभिमानाने करतात आणि त्यांचे विरोधक कुत्सितपणे. ‘पोटासाठी बाटले’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग म्हणजे त्याच विधानाची उलटी बाजू होय. पण या धर्माने गरिबाला नेमके काय देऊ केले, दान की हक्क, हा प्रश्न दोघेही टाळतात. मला तोच महत्त्वाचा वाटतो. कारण आज संपत्ती आणि दारिद्र्य यांविषयी जे राजकारण चालते, त्यातही शेवटी हाच तंटा आहे.

बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचे पुस्तक आहे. त्याच्या पंचविसाव्या अध्यायात ‘योबेल’ वर्षाचा कायदा सांगितला आहे. दर पन्नासाव्या वर्षी, अडचणीपायी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, आणि दारिद्र्यामुळे स्वतःला विकावे लागलेला माणूस मोकळा व्हावा. येथे सावकाराच्या दयेचा प्रश्नच नाही. वर्ष भरले की जमीन परत. भूमी देवाची आहे, माणूस तिच्यावर पाहुणा आहे, हे त्यामागचे तत्त्व. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या चर्चसंघटनांनी याच वर्षाचे नाव घेऊन गरीब राष्ट्रांची कर्जे रद्द करावीत म्हणून मोठी चळवळ उभारली, आणि १९९९ साली कोलोन येथे जमलेल्या श्रीमंत राष्ट्रांच्या प्रमुखांना काही कर्जमाफी मान्य करावी लागली. तीन हजार वर्षांकडे झुकलेला एक कायदा आधुनिक अर्थकारणात असा कामाला येतो, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मी आर्णीत इतिहास शिकवतो. माझ्या घराण्यात पदवीचा कागद माझ्यापासून सुरू झाला, आणि माझ्या वर्गातल्या अनेकांच्या घरात तो त्यांच्यापासून सुरू होईल. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात गहाण, सावकार, जप्ती हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणून योबेल वर्ष मुलांना चटकन कळते. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ज्याची जमीन आधीपासून नव्हतीच, त्याले काय वापस भेटे?”

उत्तर त्याच अध्यायात आहे आणि ते कटू आहे. काही ओळी पुढे गेले की तोच कायदा सांगतो, परक्या जातीजमातींतले दास विकत घ्यावेत, ते कायमचे ठेवावेत, मुलाबाळांना वारशाने द्यावेत. पन्नासाव्या वर्षी सुटायचा तो आपला बांधव. बाहेरचा सुटत नाही. म्हणजे न्यायाच्या या भव्य कायद्यालाही गावकूस होते!

हे जुने पुराण म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या कर्जमाफ्यांकडे पाहा. २००८ साली केंद्राने केली, २०१७ आणि २०१९ साली राज्याने केली. शेवटच्या योजनेला महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव दिले. मार्च २०१४ मध्ये तर आर्णी तालुक्यातल्या दाभडीत शेतकऱ्यांशी चहावर चर्चा करायला पंतप्रधानपदाचे उमेदवार येऊन गेले. या माफ्यांनी अनेकांना श्वास घेता आला, ते मी नाकारत नाही. पण माफ झाले ते बँकेचे आणि सोसायटीचे पीककर्ज, आणि ते मिळण्यासाठी मुळात सातबारा लागतो. दुसऱ्याच्या वावरात निंदण-वेचणी करणारी बाई, तिने लेकीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी काढलेले कर्ज, हे या हिशेबात येतच नाही. परत मिळते ते ज्याचे होते त्याला.

आता मिशनकडे वळू. यवतमाळ जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशनने दुष्काळांच्या काळापासून काम केले. उमरीचा दवाखाना त्यांचा. यवतमाळातली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ पर्यंत, म्हणजे पुण्याला हलेपर्यंत, देशभरचे धर्मोपदेशक घडवत होती. अस्पृश्याची नाडी हात लावून पाहणारा डॉक्टर ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, आणि जे तिला सरसकट ‘आमिष’ म्हणतात त्यांनी आपल्या पूर्वजांनी तो हात का लावला नाही हे आधी सांगावे. पण दवाखाना, शाळा, अनाथालय ही सगळी देणाऱ्याच्या इच्छेवर उभी असलेली व्यवस्था होती. घेणाऱ्याचा तिच्यावर दावा नव्हता.

दावा प्रथम ओळखला तो जोतीरावांनी. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी ख्रिस्ताला बळीराजाच्या परंपरेत बसवले. मिशनऱ्यांचा ख्रिस्त पापाची क्षमा करणारा होता. जोतीरावांचा ख्रिस्त हिरावलेल्या राज्याचा वारस झाला.

बाबासाहेबांनी यापुढचे पाऊल टाकले. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी ख्रिस्ताबद्दल आदर व्यक्त केला, पण शिकलेला ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध राजकारणात का उतरत नाही, असाही सवाल केला. धर्मांतरितांवरील आपल्या लेखनात त्यांनी याचे मूळ शिकवणुकीतच दाखवले. तुझी अवनती तुझ्या पापामुळे झाली, असे एकदा माणसाला पटवले की ज्या व्यवस्थेने त्याला पाडले तिच्याशी झगडायचे कारणच उरत नाही. मिशनच्या कार्यावर इतकी अचूक टीका दुसऱ्या कोणी केल्याचे मला माहीत नाही.

गंमत अशी की, ख्रिस्ताची आर्थिक शिकवण आमच्या भागात आणखी एका वाटेने आली आणि त्या वाटेवर चर्च नव्हते. द्राक्षमळ्याच्या मालकाने दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही पुरी मजुरी दिली, ही ख्रिस्ताची गोष्ट. तिच्यावरून रस्किनने १८६० साली आपल्या अर्थशास्त्रीय निबंधांचे नाव घेतले; गांधीजींनी १९०८ मध्ये त्यांचा गुजराती सारांश ‘सर्वोदय’ या नावाने केला; आणि त्याच सर्वोदयाचे नाव घेऊन पवनारचे विनोबा १९५१ साली पोचमपल्लीहून भूदान मागत निघाले. मजुराचे पोट संध्याकाळी सारखेच भुकेले असते, हे त्या गोष्टीचे सत्य आहे. आर्णीच्या चौकात सकाळी कामाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या माणसाला ते सांगावे लागत नाही. परंतु गोष्टीतला मालक मालकच राहतो. माझ्या पैशाचे मी हवे ते करीन, हेच त्याचे उत्तर आहे. विश्वस्ताची सारी कल्पना याच उत्तरावर उभी आहे.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मालकाचे मन वळवण्याची भाषाच केली नाही. शेतजमीन राज्याची असावी, जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकरीत्या कसायला द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर ही नावेच उरू नयेत, आणि हे राज्यघटनेत लिहिले जावे, असे त्यांनी मांडले. ते झाले नाही. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक जमिनींसाठी तुरुंग भरले, ती भूदानाची नव्हे तर या मसुद्याची परंपरा होती.

रोमचे चर्चही या काळात हलत होते, हे सांगितले पाहिजे. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी मजुरी केवळ करारावर न ठरता कामकऱ्याचे पोट भरण्याइतकी असावी असे म्हटले, पण खाजगी मालमत्ता निसर्गदत्त मानली. १९६७ मध्ये पोप पॉल सहावे यांनी मालमत्तेचा हक्क निरपेक्ष नाही असे लिहिले. लॅटिन अमेरिकेतले धर्मगुरू त्याहून पुढे गेले. आपल्याकडे मात्र प्रश्न वर्गाच्या शब्दांत मावत नव्हता. ते ओळखले अरविंद निर्मळ या महाराष्ट्रातल्या दलित ख्रिस्ती पंडिताने. १९८१ मध्ये बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात त्यांनी शूद्रांचे धर्मशास्त्र मांडले आणि त्यातून दलित धर्मशास्त्र उभे राहिले. इस्राएलचा पूर्वज भटका होता, पण आमच्या पूर्वजाला भटकण्याचीही मोकळीक नव्हती, तो गावाबाहेर टाकलेला होता, असा त्यांचा युक्तिवाद आहे. माझ्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न याहून वेगळा नाही.

आणि राज्यसंस्था? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना, १९९० साली आम्हा बौद्धांना त्या मिळाल्या. त्याआधीची चौतीस वर्षे आपण विसरू नयेत. ख्रिस्ती बाहेरच राहिले. मद्रासमध्ये रस्त्याकडेला जोडे शिवणाऱ्या सूसाई नावाच्या आदिद्रविड ख्रिस्ती माणसाने, इतर चांभारांना सरकार फुकट टपरी देते तशी मलाही द्या, म्हणून सर्वोच्च न्यायालय गाठले. १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, जातीमुळे येणारा जाच ख्रिस्ती समाजातही तितकाच तीव्र राहतो याचा पुरावा पुढे आलेला नाही. टपरी मिळाली नाही.

तो जाच चर्चमध्ये आहे, अशी कबुली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी स्वतःच्या दलितविषयक धोरणपत्रात दिली, ती डिसेंबर २०१६ मध्ये. तत्पूर्वी २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली होती. २०२२ मध्ये केंद्राने याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला.