डबा जुना, कुलूप नवं

परवा आमच्या गल्लीतला नववीतला एक पोरगा डबा घेऊन घरी आला. प्लास्टिकचा, छापील, चकचकीत. आपण पेपरवाले असल्यामुळे लोकांना वाटतं की फसवणुकीच्या सगळ्या तक्रारी आपल्याकडे नोंदवता येतात. पोराने वर्षभर साठवलेल्या पैशातले अकराशे रुपये देऊन एका जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवरून व्हिडिओ गेम मागवला होता. डबा उघडला तर आत गेमचं कार्ड नाही, एक कागद. कागदावर कोड. कोड टाकला तर उत्तर आलं, हा आधीच वापरलेला आहे.

विकणाऱ्याला फोन लावला. तोही कॉलेजचा पोरगा. म्हणाला, "काका, मी नवीन घेतला तेव्हाही आत कागदच होता. मी खेळलो, डबा विकला. मी काय चोरी केली?"

खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. म्हणून दोन दिवस हेच वाचत बसलो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

जुन्या गेममध्ये नको ते निघणं हे आमच्या पिढीला नवीन नाही. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या बाजारात टीव्हीला जोडायचे गेम मिळायचे. जपानी मशीनची नक्कल. कार्ट्रिजला आम्ही कॅसेट म्हणायचो. वर लिहिलेलं असायचं, नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव गेम. प्रत्यक्षात चार-पाच. मारिओ, काँट्रा, रणगाड्यांचा एक आणि परत मारिओ, फक्त सुरुवात तिसऱ्या पातळीपासून. जुनी कॅसेट आणि वर थोडे पैसे दिले की दुकानदार दुसरी द्यायचा, ती चालली नाही तर फुंकर मारायची. तक्रार कोण करणार? मुळात सगळाच माल नकली होता.

असली मालात काय निघायचं ते जास्त मजेशीर आहे. निन्टेन्डोचा 'द लीजेंड ऑफ झेल्डा' १९८७ मध्ये अमेरिकेत सोनेरी कॅसेटमध्ये आला. त्यात खेळ अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करता यायचा. ही सोय कशी केली होती? कॅसेटच्या आत बटणासारखा सेल, म्हणजे घड्याळात असतो तसा, सर्किटला झाळून पक्का बसवलेला. मशीन बंद असताना तो सेल चिपमधली माहिती जिवंत ठेवायचा. मशीन बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरा, अशी सूचनाही होती, नाहीतर जपून ठेवलेला खेळ बिघडू शकायचा. पुढे १९९६ पासून आलेल्या पोकेमॉनच्या कॅसेटमध्येही सेलच.

सेल आहे म्हणजे मरणारच. आज कोणी वीस-पंचवीस वर्षं जुनी पोकेमॉनची कॅसेट हौसेने विकत घेतो, चार तास खेळतो, मशीन बंद करतो आणि सकाळी सगळं कोरं. 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या भागांमध्ये तर आत घड्याळही चालू असतं, त्यामुळे तो सेल आणखी लवकर संपतो. बदलता येतो, पण सेल काढला की आधीचं सगळं पुसलं जातं. आणि सेल जिवंत असेल तर? कोणा अनोळखी पोराचं नाव, त्याने पकडलेले प्राणी, त्याने अर्धवट सोडलेला प्रवास. पुसू की ठेवू, हा प्रश्न पडलेली माणसं जगभर आहेत.

नकली माल तिकडेही घुसला. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या असली कॅसेटच्या लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, उजेडात तिरपं धरलं की दिसतात. आतल्या पट्टीवर सोनेरी दातांच्या वर कंपनीचं नाव असतं. नकलीत हे बहुधा नसतं, आणि खेळ कधी जपला जातो, कधी नाही. जुना माल घेणारा माणूस शेवटी सोनारासारखा पारखी होतो.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. सेल मरतो, नक्कल होते, हे बाजाराचे जुने रोग. पुढचं जे घडलं ते कंपन्यांनी ठरवून केलं.

त्यांची तक्रार समजून घ्या. एक डिस्क पाच जणांनी खेळली तर कंपनीला पैसे एकदाच, बाकी चार वेळचे दुकानदाराच्या गल्ल्यात. अमेरिकेतल्या गेमस्टॉप या साखळीचा २०१०च्या सुमारास जवळपास निम्मा ढोबळ नफा जुन्या मालातून येत होता. नवा गेम ६० डॉलर, जुना ५५. कंपन्यांचं पोट दुखणार हे उघड आहे. पण जुन्या पुस्तकांच्या बाबतीतही हेच असतं की. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात हा वाद झाला होता. एका प्रकाशकाने कादंबरीतच छापलं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकाल तर कॉपीराइटचा भंग. मेसीज या दुकानाने ८९ सेंटला विकली. कोर्टाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. एकदा विकलंत, त्यानंतर पुढच्या विक्रीवर तुमचा ताबा नाही.

जपानमध्ये खुद्द गेमवर असाच खटला झाला. कंपन्यांचं म्हणणं, गेम हा सिनेमासारखा आहे, म्हणून सिनेमाच्या वितरणाचे हक्क आम्हालाही, जुने गेम विकायचे नाहीत. १९९९ मध्ये टोकियोच्या कोर्टाने एक निकाल दिला, ओसाकाच्या कोर्टाने उलटा. शेवटी २५ एप्रिल २००२ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, सिनेमासारखा मानला तरी पहिल्या विक्रीबरोबर तो हक्क संपला. दुकानं वाचली.

कोर्टात हरल्यावर कुलूप वस्तूच्या आत बसवायचं, हा पुढचा टप्पा. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच आहे.

२००९ च्या शेवटी 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' आला. नव्या डब्यात एकदाच वापरायचा कोड. त्याने एक दगडी साथीदार आणि त्याची कथा उघडायची. डब्यावर जाहिरात होती की हे सगळं फुकट. कॅलिफोर्नियात एका गिऱ्हाइकाने जुना डबा ५५ डॉलरला घेतला. कोड अर्थातच वापरलेला. तो भाग हवा तर आणखी १५ डॉलर. म्हणजे ७० झाले, नवा ६० ला मिळत असताना! २०१० मध्ये दुकानावर दावा झाला, २०१२ मध्ये तडजोड झाली आणि कॅलिफोर्नियातल्या दुकानांत पाट्या लागल्या, की जुना गेम घेतल्यास काही भागांसाठी वेगळे पैसे पडू शकतात. पाटी लागली दुकानात. कुलूप लावणारी कंपनी मोकळी.

त्याच सुमारास ईए कंपनीने खेळांच्या गेममध्ये 'ऑनलाइन पास' आणला. जुनी डिस्क घेणाऱ्याने मित्रांशी इंटरनेटवर खेळायचं तर दहा डॉलर वेगळे. सोनीनेही असा पास काढला. २०११ च्या बॅटमनच्या गेममध्ये कॅटवूमनचा भाग कोडमागे ठेवला. चित्रपटाचं तिकीट काढून आत जावं आणि नायिकेसाठी वेगळी खिडकी असावी, तसं.

मला सगळ्यात चमत्कारिक वाटलं ते मात्र २०११ मधलंच 'रेसिडेंट ईव्हिल: द मर्सिनरीज थ्रीडी'. कॅपकॉम कंपनीचा, निन्टेन्डो थ्रीडीएसवरचा. त्यात जपून ठेवलेला खेळ पुसताच येत नव्हता. माहितीपुस्तिकेत सरळ छापलं होतं. जुना घेतला की आधीच्या मालकाने जिंकलेलं सगळं जिंकलेलंच राहणार, तुम्हाला नव्याने काही उघडायला नाही. अप्पा बळवंत चौकातून आपण जुनी पुस्तकं घ्यायचो तेव्हा आधीच्या पोराने पेन्सिलीने केलेल्या खुणा फायद्याच्या असायच्या, खोडताही यायच्या. इथे म्हणजे कोडं कोणीतरी शाईने सोडवून ठेवलेलं. ब्रिटनमधल्या काही दुकानांनी तो गेम परत घ्यायलाच नकार दिला. जुन्या मालाचा धंदा रोखायचा हेतू नव्हता, असं कंपनीने सांगितलं. असेलही.

२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनची घोषणा केली आणि मर्यादाच ओलांडली. डिस्क तुमच्या खात्याला बांधलेली, दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी, विकायचं तर ठरावीक दुकानांतच आणि तेही कंपनीची परवानगी असेल तर. मित्राला द्यायचा तर एकदाच, आणि तो मित्र निदान ३० दिवस तुमच्या यादीत असला पाहिजे. १० जूनला सोनीने मंचावर जाहीर केलं की आमच्या मशीनवर जुने गेम पूर्वीसारखेच चालतील. सोबत एक छोटी चित्रफीत. गेम मित्राला कसा द्यावा? एका माणसाने डबा दुसऱ्याच्या हातात दिला. धन्यवाद. संपलं. लोकांनी एवढी थट्टा केली की १९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. ईएने ऑनलाइन पास त्याआधी महिनाभर, मे महिन्यातच बंद केला होता.

गिऱ्हाईक जिंकलं असं तेव्हा वाटलं. नंतर मागच्या दाराने तेच आलं. यूबीसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांचा गेम. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले. डिस्क जुनी असो की सीलबंद, आता ती कशालाच उपयोगी नाही, कारण एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. यावरूनच युरोपात मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदा लावला, की नुसता परवाना देत असाल तर 'विकत घ्या' असं मोघम लिहू नका, स्पष्ट सांगा.

आणि २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या स्विच टू वर काही कार्डं अशी आहेत की आत गेम नाहीच, फक्त किल्ली. गेम इंटरनेटवरून उतरवायचा. ही किल्ली निदान पुढे विकता तरी येते. पण जुन्या कार्डांत वेगळाच साप निघाला. प्रत्येक कार्डाची स्वतःची ओळख असते. विकणाऱ्याने आधी त्याची नक्कल काढून ठेवली आणि दोघं ऑनलाइन गेले, तर यंत्रणेला एकच ओळख दोन ठिकाणी दिसते. एका खरेदीदाराचं कोरं मशीन असंच ऑनलाइन सेवेतून बाद झालं. त्याने खरेदीचे पुरावे दाखवले तेव्हा सुटका झाली.

आपल्याकडचं काय? आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमची प्रत विकण्याचा हक्क मालकाला दिला होता, ती प्रत आधी विकली गेलेली असली तरीही. १९९९ च्या दुरुस्तीत ते शेवटचे शब्द वगळले. म्हणजे डिस्क किंवा कार्ड पुढे विकणाऱ्याची बाजू भक्कम झाली. पण कागदावरच्या कोडचं काय? तो एकदा वापरला की विकायला उरतं ते प्लास्टिक.

हे सगळं मी त्या दोन्ही पोरांना फोन स्पीकरवर ठेवून सांगितलं. तासभर घासाघीस झाली. विकणाऱ्याने सहाशे परत पाठवले, बाकीचे खर्च झालेत म्हणाला. डबा आमच्याकडेच राहिला आहे. त्याच्या मागच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, आत कार्ड नाही असं लिहिलेलं आहे. माझा चष्मा लावून पोराने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं.