वेलवांग्याचे हरवलेले चिलखत

टोमॅटो हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात रुळला, त्याच्या आधी जुन्या बायका या फळाला वेलवांगे म्हणत. वऱ्हाडात भेदरे हे नाव अजूनही कानांवर येते. त्यांतल्या वेलवांगे या नावात मोठे शहाणपण होते. पाने आणि फुले पाहून त्या बायकांनी हे परके झाड सरळ वांग्याच्या घरात नेऊन बसवले. १७५३ साली लिनीअस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानेही तेच केले होते. पुढे पंडितांनी टोमॅटोचे वेगळे कूळ काढले, आणि अलीकडे आनुवंशिक तपासणी झाल्यावर त्याला पुन्हा वांगी-बटाट्यांच्या 'सोलॅनम' गोतात आणून सोडले. एकूण काय, आमच्या आज्यांचे बरोबर होते!

परसात किंवा कुंडीत टोमॅटोचे झाड असेल, तर त्याचे चार फुटवे खुडून पाहा. बोटे चिकट आणि हिरवट पिवळी होतात, उग्र वास येतो, आणि हाताला साबण लावला की फेससुद्धा पिवळा निघतो. मुलांना याची मोठी मौज वाटते. पाना-देठांवर बारीक लव असते आणि तिच्यातल्या कित्येक केसांच्या टोकांशी इवल्या ग्रंथी असतात. हा चिकटा त्यांतला. किड्यांशी लढण्यासाठी निसर्गाने झाडाला दिलेले हे चिलखत. आपल्या बागेतल्या टोमॅटोपाशी त्याचे उरलेसुरले तुकडेच राहिले आहेत. बाकीचे कुठे हरवले, आणि ते परत त्याच्या अंगावर चढवण्यासाठी माणसांनी काय काय खटपटी केल्या, त्याची ही हकीकत आहे.

टोमॅटोचे माहेर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, एक्वादोर, पेरू आणि चिली या देशांत. एका अंगाला महासागर, दुसऱ्या अंगाला अँडीज पर्वत आणि मध्ये रखरखीत वाळवंट. तिथे त्याचे डझनभर रानटी भाऊबंद आजही उगवतात. बहुतेकांची फळे बोराएवढी. काहींची पिकली तरी हिरवीच राहतात आणि तोंडात घालवत नाहीत. या गोतातून लागवडीचा टोमॅटो घडत घडत मेक्सिकोपर्यंत गेला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, आणि पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला असे मानतात. प्रत्येक मुक्कामावरून पुढे गेले ते मूठभर बी. त्यातही निवडणाऱ्याची नजर फळावर होती. मोठे, लाल, गोड फळ दिसले की त्याचे बी राखायचे. पानावरच्या लवेकडे कोण बघतो? सासरी येताना माहेरचे पुष्कळ काही मागेच राहून गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी.चा जमाना आला. तिचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. झाडापाशी शस्त्र नसले म्हणून काय बिघडले, ते फवारणीच्या पंपात आहेच, असे सर्वांना वाटू लागले. परंतु पारितोषिक जाहीर होण्यापूर्वीच युरोपात डी.डी.टी.ला न जुमानणाऱ्या घरमाश्या आढळल्या होत्या. अशा वेळी, १९५१ साली, अमेरिकेतील कॅन्ससचे रेजिनाल्ड पेंटर यांनी पिकांच्या कीडप्रतिकारावर एक ग्रंथ लिहिला. झाड किडीला तीन प्रकारे तोंड देते, असे त्यांनी सांगितले. एक, ते किडीला आवडतच नाही. दुसरे, आवडले तरी मानवत नाही. आणि तिसरे, कीड खाते, पण झाड ते सोसून उभे राहते. संसारात माणसे तरी याहून निराळे काय करतात?

टोमॅटोच्या बाबतीत पहिला मोठा विजय मिळाला तो मात्र अजाणता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत पी. जी. स्मिथ यांनी लागवडीच्या टोमॅटोचा पेरूतील एका रानटी जातीशी संकर केला. शत्रू होता सूत्रकृमी. हा कीटक नव्हे. जमिनीत राहून मुळांवर गाठी आणणारा डोळ्यांना न दिसणारा कृमी. पण या दोन जातींचे रक्त जुळेना. फळ धरे, पण बियांतले अंकुर पोसले न जाता आतच मरत. तेव्हा स्मिथ यांनी कोवळ्या बियांतून अंकुर काढून ते काचेच्या नळीत पोषक द्रव्यांवर वाढवले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पेटीत ठेवून जगवतात ना, तसे. या साऱ्या यातायातीतून हाती लागले एकच रोप. १९४४ साली त्यांनी त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सूत्रकृमीला दाद न देणाऱ्या ज्या टोमॅटोंची पुढे जगभर लागवड झाली, त्यांचा हा गुण त्या एका रोपाकडून आला आहे.

१९५६ साली हवाई बेटांवरील संशोधकांनी दाखवून दिले, की हा गुण एकाच जनुकाच्या अंगी आहे. या जनुकाला 'एमआय' म्हणतात. आणि खरी नवलाई तर पुढेच आहे. १९९८ साली हे जनुक वेगळे काढून तपासले, तेव्हा कळले की तेच बटाट्यावरच्या मावा किडीलाही अडवते. मावा सोंड खुपसतो, पण त्याला पोटभर रस मिळत नाही आणि तो उपाशी मरतो. काही वर्षांनी पांढऱ्या माशीलाही त्याचा थोडाबहुत अडथळा होतो असे आढळले. म्हणजे मुळांशी पहारा द्यायला ठेवलेला राखणदार अर्धशतक निमूटपणे पानांचीही राखण करीत होता, आणि धन्याला पत्ता नव्हता! अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. जमीन सुमारे २८ अंश सेल्सियसच्या वर तापली की सूत्रकृमीपुढे त्याचे बळ ओसरते. शिवाय त्याला चकवणारे काही सूत्रकृमी आणि काही मावाही निघाले आहेत.

डेव्हिसचेच दुसरे एक गृहस्थ चार्ल्स रिक (१९१५–२००२). आयुष्यभर त्यांनी टोमॅटोवाचून दुसरा ध्यास घेतला नाही. १९४८ पासून ते पुनःपुन्हा अँडीजच्या दऱ्याखोऱ्यांत हिंडले आणि बी गोळा करीत राहिले. गालापागोस बेटांवरच्या टोमॅटोचे बी काही केल्या रुजेना. तेव्हा त्यांनी ते तिथल्या प्रचंड कासवांना खाऊ घातले, आणि कासवांच्या पोटातून बाहेर पडलेले बी रुजले! १९६१ साली त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे २०१३ च्या सुमारास हॉलंडमधील वाखनिंगेनच्या संशोधकांना दिसले, की याच बेटांवरच्या एका टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या माशीला दूर ठेवणारी चिकट लव आहे. रिक यांनी जमवलेल्या बियांची पेढी डेव्हिस येथे त्यांच्याच नावाने चालते.

लवेचे कोडे हळूहळू उलगडत गेले. १९८० साली नॉर्थ कॅरोलायनातील संशोधकांनी एका रानटी टोमॅटोच्या ग्रंथींतून 'ट्रायडेकॅनोन' नावाचे द्रव्य काढले. तंबाखूवरच्या अळ्या आणि मावा त्याने मरत. पेरूच्या कोरड्या किनाऱ्यावरील 'पेनेली' जातीची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या केसांतून साखर आणि स्निग्धाम्ले यांच्या संयोगाने झालेला चिकट पाझर सुटतो. त्यावर पांढरी माशी बसायला आणि अंडी घालायला नाखूष असते. कॉर्नेल विद्यापीठात मार्था मुचलर यांनी ही लव लागवडीच्या टोमॅटोत आणण्याचे काम कित्येक वर्षे चालवले, आणि तशी रोपे सिद्ध केली.

एवढे झाले, तर बाजारातला प्रत्येक टोमॅटो चिलखती का नाही? याचे कारण असे, की रानटी भावाकडून एक गुण घ्यावा तर दहा अवगुण हात धरून येतात: फळ बारीक, उतारा कमी. म्हणून संकराचा पुन्हा लागवडीच्या टोमॅटोशी संकर करायचा, हवी ती रोपे निवडायची, आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत राहायचे. त्यातून लवेचा गुण एका जनुकाचा नसतो. अनेक जनुके एकत्र नांदावी लागतात. आणखी एक पेच आहे. काही रानटी पानांवरच्या विषारी लवेने अळीवर जगणाऱ्या उपकारक गांधीलमाश्याही बाधतात. शत्रूसाठी लावलेल्या काट्यात मित्राचाही पाय अडकतो.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. पांढरी माशी एका झाडाचा रोग दुसऱ्यावर नेते. मग पाने आखडतात आणि झाड खुजे राहते. हिस्सारच्या कृषि विद्यापीठात कल्लू आणि बॅनर्जी यांनी रानटी जातीतून या रोगाचा प्रतिकार टोमॅटोत आणला. १९९० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे हे काम पुढे परदेशांतही उपयोगी पडले. मात्र त्याने आवरला तो रोग. माशी यायची ती येतेच. २०१४ साली महाराष्ट्रात आणखी एक पाहुणी उतरली, पाने आणि फळे पोखरणारी टुटा अळी. तिची पहिली शास्त्रीय नोंद १९१७ साली पेरूतील नमुन्यावरून झाली होती. टोमॅटोचे चिलखत माहेरी राहिले, आणि माहेरचा शत्रू मात्र माग काढीत जुन्नर-नाशिकच्या देशी येऊन पोचला! ब्राझीलमधील संशोधक या अळीविरुद्ध रानटी लवेचाच उपयोग करू पाहत आहेत.

तोवर आपला शेतकरी पाठीवर पंप घेऊन सरीसरीने फिरतो आहे. औषधाचा खर्च त्याचा, त्याचे तुषार त्याच्याच अंगावर, आणि फळ तुमच्या-आमच्या ताटात. या तिघांचेही ओझे हलके करणारे बी अँडीजच्या उतारांवर आणि गालापागोसच्या खडकांत उगवते. परंतु शहरे, शेते आणि शेळ्यामेंढ्यांची चराई यांपायी रानटी टोमॅटोची काही ठिकाणे नाहीशी झाली आहेत. पेढीत जमा झाले ते वाचले. जमा होण्याआधी गेले ते कायमचे गेले. ज्या झुडपाचे फळ कुणी तोंडात घालणार नाही, त्याचे बी सांभाळायला पैसा आणि माणसे लागतात. तो खर्च कुणालाही वायफळ वाटेल. स्मिथ यांचे ते एकुलते रोपही पहिल्या दिवशी कुणाला तसेच वाटले असते.

दिवाळीच्या फराळाने तोंड गोडावले, की कुणीतरी टोमॅटोच्या साराची फर्माईश करतेच. फळे परसातलीच असतील, तर ती तोडताना हाताला लागणारा तो उग्र वास एकदा नीट घेऊन पाहा. माहेरची तेवढी खूण अजून तिच्यापाशी उरली आहे.