फायब्रोमायल्जिया : आनुवंशिक कारणांचा शोध

अंगभर पसरलेली व महिनोन्महिने टिकणारी वेदना, झोपूनही न जाणारा थकवा, सकाळी जाणवणारी शरीराची ताठरता आणि स्मरण व एकाग्रता यांत येणारा मंदपणा, या लक्षणसमूहास फायब्रोमायल्जिया म्हणतात. लोकसंख्येच्या साधारण २ ते ४ टक्के लोकांना हा विकार असतो असे मानले जाते. निदान झालेल्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. रक्ततपासणी, क्ष-किरण किंवा एमआरआय यांत त्याची निश्चित खूण सापडत नाही. अहवाल ‘नॉर्मल’ येतो, वेदना मात्र कायम राहते. परिणामी अनेक रुग्णांच्या वाट्याला घरच्यांचा, क्वचित डॉक्टरांचाही अविश्वास येतो. हा विकार कुटुंबातून येतो का, आणि येत असल्यास कोणत्या जनुकांमुळे, या प्रश्नाचे महत्त्व म्हणूनच प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाही.

नाव आणि निकष

ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गावर्स यांनी १९०४ मध्ये ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द वापरला. स्नायूंभोवतीच्या तंतुमय ऊतींचा दाह हे वेदनेचे कारण असावे, अशी त्यामागची कल्पना होती. असा दाह आढळत नसल्याने १९७६ मध्ये ‘फायब्रोमायल्जिया’ हे नाव सुचवले गेले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने १९९० मध्ये निकष ठरवले. त्यांनुसार सर्वांगीण वेदनेबरोबरच शरीरावरील १८ ठरावीक जागांपैकी किमान ११ जागी दाबल्यास दुखणे आवश्यक होते. २०१० च्या निकषांत ही अट काढून वेदनेचा विस्तार आणि इतर लक्षणांची तीव्रता यांवर भर देण्यात आला. जनुकीय संशोधनात रुग्ण कोणाला म्हणायचे हेच आधी ठरवावे लागते. त्यामुळे निकष बदलले की जुन्या व नव्या अभ्यासांची तुलना अवघड होते.

कुटुंबे आणि जुळी भावंडे

अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या आईवडील, भावंडे व मुलांची तुलना ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांच्या तशाच नातलगांशी केली गेली. पहिल्या गटात फायब्रोमायल्जियाची शक्यता सुमारे ८.५ पट आढळली. मात्र एका घरातील माणसांचे अन्न, सवयी आणि ताणही समान असतात. हा गुंता सोडवण्यासाठी संशोधक जुळ्या भावंडांकडे वळतात. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. द्विबीज जुळ्यांची इतर भावंडांइतकीच जुळतात. स्वीडनमधील जुळ्यांच्या अभ्यासात दीर्घकालीन सर्वांगीण वेदनेबाबत माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा ठरला. आई रुग्ण असेल तर मुलाला हा विकार होण्याची शक्यता ५० टक्के, असा याचा अर्थ नव्हे. हा आकडा संपूर्ण समाजातील फरकांविषयी आहे. एखाद्या व्यक्तीचे भविष्य तो सांगत नाही.

जनुकांचा माग

आरंभी संशोधकांनी संशयित जनुके एकेक करून तपासली. त्यांत सेरोटोनिनची ने-आण करणारे आणि ‘सीओएमटी’ ही दोन जनुके पुढे होती. सेरोटोनिनचा संबंध वेदना, झोप व मनःस्थिती यांच्याशी आहे, तर सीओएमटी हे विकर अ‍ॅड्रेनालिन, डोपामिन यांसारख्या द्रव्यांचे विघटन करते. काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत तो दिसला नाही. रुग्णसंख्या शे-दोनशे आणि प्रत्येक जनुकाचा प्रभाव अल्प, हे या विसंगतीचे मुख्य कारण होते. २०१३ मध्ये ११६ कुटुंबांच्या पाहणीत १७ व्या गुणसूत्राच्या एका भागाकडे निर्देश झाला. सेरोटोनिनचे ते जनुक याच परिसरात आहे. तथापि हा पुरावा सूचक होता, निर्णायक नव्हता.

त्यानंतर लाखो लोकांचा संपूर्ण जनुकसंच चाळण्याची पद्धत आली. ‘यूके बायोबँक’मधील सुमारे ३.८७ लाख लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये, शरीराच्या अनेक भागांतील दीर्घकालीन वेदनेशी निगडित ३९ जनुकीय स्थाने सापडली. २०२१ मध्ये सर्वांगीण वेदनेच्या सुमारे ६,९०० रुग्णांच्या अभ्यासात तीन स्थाने पुढे आली. त्यांत सीओएमटी पुन्हा दिसले, परंतु स्वतंत्र गटांतील फेरतपासणीत ते टिकले नाही. २०२५ मध्ये ५० हजारांहून अधिक फायब्रोमायल्जिया रुग्णांचा समावेश असलेल्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात २६ स्थानांची नोंद झाली. त्यांचा रोख प्रामुख्याने मेंदू व मज्जासंस्थेकडे आहे. वेदनेचे संदेश तीव्र करून घेणारी मज्जासंस्था हे या विकाराचे मर्म असावे, या मताला त्यामुळे बळ मिळते.

चित्र मात्र एकरंगी नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या नेतृत्वाखालील २०२१ च्या प्रयोगात रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचल्यावर उंदीर दाब व थंडीला अधिक संवेदनशील झाले. म्हणजे प्रतिकारसंस्थेचाही सहभाग संभवतो. अपघात, संसर्ग, दीर्घ मानसिक ताण या घटना अनेकदा विकाराची ठिणगी ठरतात.

भारतीय रुग्णांसाठी अर्थ

जनुकसंचाचे मोठे अभ्यास बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष भारतीयांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली. हा तुलनेचा पाया आहे. त्यावर रुग्णांचे स्वतंत्र अभ्यास उभे राहावे लागतील.

तूर्त कोणत्याही जनुकीय चाचणीने फायब्रोमायल्जियाचे निदान होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या चाचणीवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. निदान लक्षणांवरून आणि इतर आजार वगळून केले जाते. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, झोपेची शिस्त, वर्तनोपचार आणि गरजेनुसार औषधे ही उपचारांची दिशा आहे. डॉक्टरांना कौटुंबिक इतिहास अवश्य सांगावा. त्यामुळे निदानातील विलंब कमी होऊ शकतो. आईवडिलांनी मात्र स्वतःला दोष देऊ नये, कारण वारशाने येते ती केवळ प्रवृत्ती. एकच दोषी जनुक हाती लागले नसले, तरी या वेदनेची मुळे शरीरातच आहेत आणि ती रुग्णाची कल्पना नव्हे, एवढे या शोधातून स्पष्ट झाले आहे.