सायंकाळी सहानंतरची सभा : इंग्लिश खेड्याचा लहानसा कारभार

४ डिसेंबर १८९४ हा मंगळवार होता. त्या दिवशी संध्याकाळी इंग्लंड आणि वेल्समधील हजारो खेड्यांत शाळांच्या खोल्यांतून दिवे लागले आणि गावकरी मुलांच्या बाकांवर दाटीवाटीने येऊन बसले. शेतमजूर, लोहार, सुतार, दुकानदार, मोठे शेतकरी, क्वचित एखादी विधवा घरमालकीण अशी ही मंडळी होती. त्यांनी हात वर करून आपापल्या गावाची पहिली परिषद निवडली. इंग्लंडच्या इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत या संध्याकाळीला फार तर एखादी ओळ मिळते. लढाया, राजघराणी आणि पार्लमेंटातील भाषणे यांपुढे खेड्यातल्या शाळेतील सभेची मातब्बरी ती काय ! परंतु ज्या माणसाला त्यापूर्वी गावच्या कारभारात बसायला खुर्चीच नव्हती, त्याच्या दृष्टीने ही संध्याकाळ लहान नव्हती.

‘पॅरिश’ हा शब्द आपल्या गोमंतकीय वाचकांस अपरिचित नाही. गोव्यात ज्याला फिर्गज म्हणतात तेच हे, म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारा मुलूख. इंग्लंडात मात्र या धार्मिक घटकावर राज्यकर्त्यांनी हळूहळू ऐहिक कामांचे ओझे लादले. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने बाप्तिस्मा-विवाह-दफन यांच्या नोंदी ठेवण्याचे काम पॅरिशकडे आले. १५५५ च्या कायद्याने रस्तेदुरुस्ती आली, आणि गावकऱ्यांना वर्षातून चार दिवस, पुढे सहा दिवस, रस्त्यावर बिनमोल राबणे भाग पडले. आपल्याकडच्या वेठीशी त्याचे नाते जवळचेच आहे. १६०१ च्या कायद्याने गरिबांचे पोषण आले, त्यासाठी पट्टी बसवण्याचा अधिकार आला आणि ती वसूल करणारे ‘ओव्हरसियर’ नावाचे अधिकारीही आले. या सर्वांचा विचार करण्यासाठी जी सभा भरे तिला ‘व्हेस्ट्री’ म्हणत. व्हेस्ट्री म्हणजे चर्चमधील धर्मगुरूची वस्त्रे ठेवण्याची खोली. तेथे बैठक भरे म्हणून बैठकीचेही तेच नाव पडले. नावातच कारभार कोणाच्या घरात चालला होता हे दिसते.

व्हेस्ट्रीचे अध्यक्षपद धर्मगुरूकडे हक्काने असे. १८१८ च्या कायद्याने मतांचे वजनही मालमत्तेनुसार ठरले. थोडी मालमत्ता असणाऱ्यास एक मत, तर मोठ्या जमीनदारास सहापर्यंत मते. सभा पुष्कळदा दिवसा भरत, म्हणजे मजूर शेतावर असण्याच्या वेळी. धर्मगुरू, जमीनदार म्हणजे स्क्वायर, आणि त्याची जमीन कसणारे दोन-चार मोठे कुळवाडी यांनी ठरवावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, अशी रीत होती. सगळेच धर्मगुरू निष्ठुर होते असे मुळीच नाही. कित्येकांनी गावात शाळा काढल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. पण दयेने दिलेले आणि हक्काने मिळालेले यांतील अंतर ज्याला हात पसरावा लागतो त्यालाच नेमके कळते. १८३४ नंतर गरिबांचे पोषण अनेक पॅरिशांच्या संघांकडे गेले, १८६८ मध्ये चर्चची सक्तीची पट्टीही बंद झाली. व्हेस्ट्री पोकळ होत गेली, तरी तिची किल्ली त्याच हातांत राहिली.

१८७२ मध्ये वॉरिकशायरमध्ये जोसेफ आर्च या शेतमजुराने मजुरांची राष्ट्रीय संघटना उभारली. आर्च मेथडिस्ट पंथाचा उपदेशक होता. चॅपेलमध्ये बोलायला शिकलेला माणूस पुढे चव्हाट्यावर बोलू लागला, ही त्या काळच्या इंग्लिश खेड्यातील नेहमीची कथा आहे. १८८४ च्या सुधारणेने खेड्यातील बहुसंख्य पुरुष कुटुंबप्रमुखांना पार्लमेंटचे मत मिळाले आणि १८८५ मध्ये आर्च स्वतः निवडून गेला. लंडनला प्रतिनिधी पाठवू शकणाऱ्या माणसाला स्वतःच्या गावातील विहिरीविषयी मात्र बोलता येत नाही, ही विसंगती आता झाकणे कठीण झाले. ग्लॅडस्टनच्या शेवटच्या मंत्रिमंडळातील हेन्री फाउलर याने ग्रामपरिषदांचे विधेयक मांडले. उमराव सभेने त्याला जागोजाग कात्री लावण्याचा प्रयत्न केला. १ मार्च १८९४ रोजी ग्लॅडस्टनने कॉमन्स सभेत जे अखेरचे भाषण केले, ते याच विधेयकावरील उमरावांच्या दुरुस्त्यांविषयी होते. चार वेळा पंतप्रधान झालेल्या त्या वृद्धाची पार्लमेंटातील कारकीर्द खेड्याच्या प्रश्नावर संपली. ५ मार्चला विधेयकाचा कायदा झाला.

या कायद्याची खुबी त्याच्या बारीक कलमांत आहे. तीनशे किंवा अधिक वस्तीच्या खेड्याला परिषद मिळाली, त्याहून लहान गावाला मतदारांची ग्रामसभा पुरेशी मानली गेली. ही ग्रामसभा सायंकाळी सहाच्या आत सुरू होता कामा नये, असे कायद्यातच लिहिले. मजूर शेतावरून परतला पाहिजे, एवढाच त्यातला हेतू. सभेसाठी सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेची खोली फुकट मिळावी, असे दुसरे कलम. दारूविक्रीचा परवाना असलेल्या जागेत, दुसरी सोयीची जागा वाजवी भाड्यात मिळत असेल तर, सभा भरवू नये, असे तिसरे. चॅपेलवाल्या मंडळींना त्याचे समाधान वाटले असणार. परंतु मुख्य मुद्दा असा की सभा स्क्वायरच्या दिवाणखान्यात नको, धर्मगुरूच्या खोलीत नको आणि पबमध्येही नको. याशिवाय स्त्री आहे किंवा विवाहित आहे एवढ्यावरून कोणालाही सदस्यत्व नाकारता येणार नाही, असेही ठरले. पार्लमेंटचे मत स्त्रियांना मिळायला १९१८ साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे या कलमाचे मोल कळते.

परिषदेकडे आले काय ? मोठे अधिकार फारसे नाहीतच. पण गावातील जुन्या दानधर्माच्या निधीवर, चर्चचे खास निधी वगळून, विश्वस्त नेमण्याचा हक्क आला आणि त्या निधीचे हिशेब ग्रामसभेपुढे मांडणे बंधनकारक झाले. हिवाळ्यात पाव आणि कोळसा वाटण्यासाठी कोणी पूर्वजाने ठेवलेला पैसा कोणाला मिळतो, चर्चला नियमित येणाऱ्यालाच मिळतो काय, हे प्रश्न आता उघडपणे विचारता येऊ लागले. मजुरांना भाजीपाला पिकवण्यासाठी जमिनीचे तुकडे मिळवून देण्याचे काम आले. या तुकड्यांना अलॉटमेंट म्हणतात. गावाचे जुने दस्तऐवज, म्हणजे कुंपणबंदीच्या वेळचे निवाडे आणि नकाशे, सांभाळण्याची जबाबदारी आली. आणि सार्वजनिक पायवाट परिषदेच्या संमतीवाचून बंद करता येणार नाही, असे ठरले.

पैशांच्या बाबतीत मात्र उमराव आणि मोठे करदाते यांना भिण्याचे कारण उरले नाही. ग्रामसभेच्या संमतीविना मालमत्तेच्या आकारणीवर पौंडामागे तीन पेनीहून अधिक खर्च करता येत नसे, आणि संमती मिळाली तरी मर्यादा सहा पेनीची. समजा, गावाची एकूण आकारणी दोन हजार पौंड आहे. तर तीन पेनीने वर्षाकाठी हाती येतात पंचवीस पौंड. तेवढ्यात कारकुनाचे मानधन, सभेचा दिवा आणि पंपाची दुरुस्ती भागवायची. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी किंवा दफनभूमीसाठी वेगळे कायदे गावाने मतदानाने स्वीकारावे लागत. पहिल्या वर्षी जे मजूर उमेदीने निवडून आले, त्यांतील कित्येकांना लवकरच उमगले की आपल्या हाती सत्तेपेक्षा चौकशीचा अधिकार जास्त आला आहे.

तरी चिकाटीच्या माणसाने याच अपुऱ्या अधिकारातून काय साधले, याचे उदाहरण केंटमधील पेन्सहर्स्ट गावात आहे. जेन एस्कोंब ही तेथील पहिल्या परिषदेत निवडून आलेली स्त्री. गावात मजुरांना राहायला घरे नाहीत, ही गोष्ट तिने लावून धरली. घरे बांधण्याचा अधिकार ग्रामपरिषदेला नव्हता; वरच्या मंडळाकडे मागणी करण्याचा तेवढा होता. वर्षानुवर्षे अर्ज, चौकशा आणि मंजुऱ्या यांचे खेटे घातल्यावर १९०० मध्ये सहा घरे उभी राहिली. ‘पायनियर कॉटेजेस’ या नावाने ती ओळखली जातात. सहा घरांसाठी इतका खटाटोप, असे कोणी म्हणेल. ज्या सहा कुटुंबांना कोरडे छप्पर मिळाले त्यांनी तसे म्हटले नसते.

येथे आपल्या इतिहासातील एक दुवा आठवतो. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव १८८२ चा, आणि मुंबई इलाख्यातील लोकल बोर्डांचा कायदा १८८४ चा. म्हणजे आपल्या तालुक्यांत, मर्यादित का होईना, निवडणुकीचे तत्त्व आले तेव्हा खुद्द राज्यकर्त्यांच्या खेड्यात अजून व्हेस्ट्रीच नांदत होती ! हेन्री मेनसारखे विद्वान १८७१ मध्येच पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील ग्रामसंस्थांची तुलना करीत होते. आपली पंचायत प्राचीन म्हणून तिचे गोडवे गाणाऱ्या साहेबांना स्वतःच्या गावी तसे काही घडवायला १८९४ पर्यंत सवड झाली नाही. मुंबई इलाख्याला ग्रामपंचायतींचा स्वतंत्र कायदा मिळाला १९२० मध्ये.

परिषदा टिकल्या. १९७४ च्या मोठ्या फेररचनेत ग्रामीण जिल्हा मंडळे बरखास्त झाली, पण पॅरिश राहिली. आज इंग्लंडात अशा सुमारे दहा हजार परिषदा आहेत; काही चिमुकल्या, तर २०२० मध्ये स्थापन झालेली नॉर्दॅम्टनची नगरपरिषद लाखाहून अधिक वस्तीची. खेड्यातील नेहमीच्या बैठकीचे स्वरूप मात्र फारसे बदललेले नाही. तीन पूर्ण दिवस आधी फलकावर सूचना लागते. सूचनेत जो विषय नाही त्यावर निर्णय घेता येत नाही. गणपूर्ती एकतृतीयांश, पण तिघांहून कमी नाही. मते समसमान झाल्यास अध्यक्षाचे निर्णायक मत. ज्या विषयात सदस्याचा आर्थिक हितसंबंध आहे तो त्याने आधी सांगून बाजूला व्हायचे. बाहेरच्यांना बैठकीत येऊन बसण्याचा हक्क देणारा १९६० चा कायदा मार्गारेट थॅचर यांनी नवख्या सदस्य असताना खासगी विधेयक म्हणून आणला होता.

सारा डोलारा असतो तो चिटणिसावर. हा, किंवा बहुधा ही, पगारी नोकर, तीही अर्धवेळ. कधी एकीकडेच दोन-तीन गावे. मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, गवत कापणाऱ्याचे देयक, बसथांब्याचे गळके छप्पर, कुत्र्यांची घाण, युद्धस्मारकावरील पुसट झालेली अक्षरे, बाकाला कोणाच्या स्मरणार्थ पाटी लावावी की नाही, अशी कार्यक्रमपत्रिका ती तयार करते. बांधकामाच्या अर्जांवर परिषदेने केवळ मत द्यायचे असते. निर्णय वरच्या मंडळाचा. वर्षाची रक्कम ठरवून ती वरच्या मंडळाला कळवली की ते घरपट्टीसोबत ती वसूल करून देते. हिशेब तीस कामकाजी दिवस कोणाही मतदाराला पाहण्यासाठी खुले असतात. २००८ पासून ब्रिटिश टेलिकॉमने जुन्या लाल टेलिफोनपेट्या एका पौंडाला देऊ केल्या, तेव्हा त्याही परिषदांनी घेतल्या. सॉमरसेटमधील वेस्टबरी-सब-मेंडिप गावाने २००९ मध्ये अशा पेटीत चिमुकले वाचनालय थाटले.

या कारभाराची थट्टा करणे सोपे आहे आणि इंग्रज ती आवडीने करतात. जे. के. रोलिंग यांनी २०१२ मध्ये मोठ्यांसाठी लिहिलेली कादंबरी ग्रामपरिषदेतील एका रिकाम्या जागेवरून माजलेल्या द्वेषाची आहे. मँचेस्टरजवळच्या हँडफोर्थ परिषदेची डिसेंबर २०२० मधील दूरस्थ बैठक इतकी भांडखोर झाली की तिची चित्रफीत फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभर पाहिली गेली. अनेक ठिकाणी जागांइतकेही उमेदवार उभे राहत नाहीत आणि उरलेल्या जागा स्वीकृत सदस्यांनी भराव्या लागतात. हा दोष थट्टेपेक्षा गंभीर आहे.

पायवाटांचे काम पाहिले म्हणजे मात्र थट्टा मागे पडते. शेतांमधून, कुंपणांच्या कडेने, कधी जमीनदाराच्या बागेतूनही जाणाऱ्या या वाटा म्हणजे मजुराचा चर्चला, बाजाराला आणि कामाला जाण्याचा रस्ता होता. १९४९ च्या कायद्याने सर्व सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे ठरले. त्यासाठीची पाहणी मुख्यतः ग्रामपरिषदांनी केली. १९५० च्या दशकात गावकरी नकाशा घेऊन प्रत्येक वाट चालले. कोठे फाटक आहे, कोठे ओलांडण्याची पायरी मोडली आहे, कोण किती वर्षांपासून येथून जातो, याच्या नोंदी त्यांनी केल्या. काही परिषदांनी हे काम मन लावून केले. काहींनी, विशेषतः जेथे मोठे शेतकरीच सदस्य होते, निम्म्या वाटा नोंदल्याच नाहीत. वाट नकाशावर आली की ती आहे याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. न आलेल्या जुन्या वाटांचे हक्क १ जानेवारी २०२६ ला कायमचे बुडतील, अशी मुदत २००० च्या कायद्याने घातली होती. २०२३ मध्ये ती २०३१ पर्यंत वाढवण्यात आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती मुळातूनच रद्द करण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. दरम्यान पायवाटांचे अभ्यासक जुने कागद धुंडाळत राहिले आहेत. १८९४ च्या कायद्याने परिषदांच्या हवाली केलेल्या त्या कुंपणबंदीच्या निवाड्यांत आणि नकाशांत, शेताच्या कडेने जाणारी एखादी ठिपक्यांची रेघ सापडते का, हे ते पाहत असतात.