मितव्ययी संगणकाचा जन्म

इ. स. १९४६ च्या फेब्रुवारींत फिलाडेल्फिया येथें ‘एनिअ‍ॅक’ हें गणनयंत्र जगापुढें आलें, तेव्हां त्याच्या पोटांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह जळत होते आणि त्याला सुमारें १५० किलोवॉट वीज लागे. पुढें व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, यंत्र दालनांतून टेबलावर आलें. तरी काम अधिक हवें तर वीजही अधिक ओतली पाहिजे, ही समजूत सहजासहजीं सुटली नाहीं. तिला पहिला मोठा तडा गेला तो इंग्लंडांत, केंब्रिज येथें, आणि तोही जवळजवळ अजाणतां.

तेथील ‘एकॉर्न’ ही लहानशी कंपनी. बी.बी.सी. या ब्रिटिश नभोवाणी-संस्थेकरितां तिनें १९८१ सालीं केलेला संगणक शाळाशाळांतून पोंचला होता. त्याच्या पुढचा संगणक बनवावयाचा, तर बाजारांतील चिपा तिच्या तज्ज्ञांना पसंत पडेनात. तेव्हां १९८३ सालीं सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीं स्वतःच चिप आंखण्यास आरंभ केला. हाताशीं माणसें थोडीं, पैसा त्याहून थोडा. म्हणून आज्ञा मोजक्या आणि साध्या ठेविल्या. सारी चिप सुमारें २५,००० ट्रान्झिस्टरांत बसली.

खरी मेख होती वेष्टनाची. चिनी मातीचें वेष्टन महाग, प्लॅस्टिकचें स्वस्त. परंतु स्वस्त वेष्टनाला उष्णता फार सोसत नाहीं. तेव्हां चिपनें एका वॉटच्या आंत भागविलेंच पाहिजे. आणि खर्चाचा नेमका अंदाज आधीं बांधण्याचीं साधनें तर त्यांच्यापाशीं नव्हतीं! मग महिनाअखेरीस गृहिणी जशी पैशापैशाला जपते, तशी त्यांनीं जागोजागीं काटकसर केली.

२६ एप्रिल १९८५ रोजीं तयार चिप हातीं आली आणि त्याच दिवशीं चालूं लागली. पुढें फर्बर यांनीं तिला जाणारी वीज मोजूं पाहिली, तों मापकानें शून्य दाखविलें. आज्ञावली तर बिनचूक चालली होती. शोध घेतां उघडकीस आलें कीं, चिपचा वीजपुरवठा मुळीं जोडलेलाच नव्हता. शेजारच्या चिपांकडून येणाऱ्या संकेतांच्या तारांतून, संरक्षक डायोडांच्या वाटेनें जी वीज झिरपे, तेवढ्यावरच तिचा संसार चालला होता. रीतसर मोजतां तिचा खर्च वॉटच्या सुमारें दशांशाइतका भरला. कंपनीला हवें होतें स्वस्त वेष्टन. पदरीं पडली ही मितव्ययिता.

१९८७ सालीं या कुळांतील चिप घेऊन ‘आर्किमिडीज’ हा टेबलावरचा संगणक आला. तो चपळ होता. पण कचेऱ्या आय.बी.एम.च्या धर्तीच्या यंत्रांना बांधल्या गेल्या होत्या, आणि भिंतींतून वीज ओढणाऱ्या यंत्राच्या काटकसरीची त्या काळीं फारशी कोणास पर्वा नव्हती. ती पर्वा केली बॅटरीवर चालणाऱ्या, खिशांत मावणाऱ्या यंत्रांनीं. १९९० सालीं ॲपल आणि व्हीएलएसआय या कंपन्यांना सोबत घेऊन ‘आर्म’ ही स्वतंत्र कंपनी निघाली, आणि तिच्या आंखणीच्या चिपा पुढें जगभरच्या मोबाइल फोनांत जाऊन बसल्या.

टेबलावर पुन्हां मान मिळावयास २०१२ साल उजाडलें. त्याच केंब्रिजमध्यें, मुलांच्या शिक्षणासाठीं, ‘रास्पबेरी पाय’ ही खेळाच्या पत्त्याएवढी पाटी निघाली. पंखा नाहीं, आवाज नाहीं. फोनच्या चार्जरसारख्या पुरवठ्यावर मोजक्या वॉटांत चालणारी. पडदा आणि कळफलक जोडला कीं संगणक तयार. २०२० च्या नोव्हेंबरांत ॲपलनेंही आपला ‘मॅक मिनी’ हा टेबल-संगणक याच आज्ञासंचाच्या चिपसह बाजारांत आणला. एकॉर्न मात्र तें पाहण्यास उरली नव्हती. तिचा टेबल-संगणकांचा विभाग १९९८ सालींच बंद झाला होता.