दोर धरणारे हात



मराठी व्याकरणाचा इतिहास सांगतांना विल्यम कॅरे यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १८०५ सालीं त्यांचें मराठी भाषेचें व्याकरण इंग्रजींत छापून निघालें व १८१० सालीं मराठी-इंग्रजी कोश निघाला. ह्या कामीं पंडित वैजनाथ यांचें त्यांस मोठें साह्य होतें, आणि कोशांतील मराठी शब्द मोडी लिपींत छापले होते. हीं पुस्तकें छापलीं गेलीं तीं मात्र महाराष्ट्रांत नव्हे, तर कलकत्त्याजवळ, डेनिश अंमलाखालीं असलेल्या श्रीरामपुरांत. ह्या गृहस्थांस इतक्या दूर कोणीं पाठविलें, त्यांच्या पाठीशीं कोण उभें राहिलें, आणि तें ऋण त्यांनीं कसें मानलें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कॅरे यांचा जन्म १७६१ सालीं इंग्लंडांतील नॉर्थँप्टनशायर परगण्यांत झाला. पोटासाठीं जोडे शिवावे, खेडेगांवांत शाळा चालवावी आणि रविवारीं उपदेश करावा, असा त्यांचा क्रम होता. २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग गांवीं एका विधवा बाईच्या घरीं कांहीं धर्मोपदेशक जमले व परदेशीं मिशनरी धाडण्यासाठीं त्यांनीं एक मंडळ स्थापिलें. त्या दिवशीं वर्गणीचे आंकडे पडले ते एकंदर १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. हे कोणी सरदार किंवा सावकार नव्हते. बहुतेक लहान गांवचे अल्प वेतनाचे उपदेशक होते. लवकरच बर्मिंगहॅमच्या मंडळीकडून ७० पौंड आले, तेव्हां कोठें कामास धीर आला.

ह्या मंडळाचे चिटणीस केटरिंगचे अँड्र्यू फुलर. त्यांनीं मागाहून त्या दिवसांची आठवण सांगतांना खाणीचा दृष्टान्त दिला आहे. हिंदुस्थान ही जणूं एक खोल, अज्ञात खाण. तींत उतरण्यास कॅरे सिद्ध झाले. परंतु वर राहणाऱ्यांनीं जिवांत जीव असेपर्यंत दोर सोडूं नये, असें वचन त्यांनीं मागून घेतलें. १७९३ च्या जूनमध्यें कॅरे डेनिश जहाजांतून निघाले आणि नोव्हेंबरांत कलकत्त्यास पोहोंचले. फुलर यांनीं तो दोर १८१५ सालीं मृत्यु येईपर्यंत हातचा सोडला नाहीं. लंडनमध्यें दारोदार हिंडून व पांच वेळां स्कॉटलंडचा प्रवास करून त्यांनीं पैसा जमविला.

आतां कॅरे यांची कृतज्ञता पाहा. १७९४ सालीं त्यांस बंगालमध्यें मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर नोकरी मिळाली. तेव्हां त्यांनीं मायदेशीं कळविलें कीं, आतां मला पैशाची गरज नाहीं. माझ्या वांट्याचें द्रव्य दुसऱ्या कामीं लावावें. मागणें केलें तें एवढेंच कीं, शेतकीचीं कांहीं हत्यारें आणि दरसाल भाज्यांचें, फुलांचें व फळझाडांचें बीं पाठवावें. घेणाऱ्यानें देणाऱ्याचें ओझें हलकें करावें, ह्याहून आभाराची उत्तम रीत मला तरी ठाऊक नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं इंग्लंडांतून एका स्नेह्यानें बियांची पिशवी धाडली. ती रिकामी झाल्यावर कॅरे यांनीं तींतील मातीही बागेंत सांवलीच्या जागीं झटकली. कांहीं दिवसांनीं तेथें डेझीचें इवलेंसें रोप उगवलें. तीस वर्षांत न पाहिलेलें तें गांवाकडचें फूल पाहून आपणांस किती आनंद झाला, हें त्यांनीं मोठ्या प्रेमानें त्या स्नेह्यास लिहून कळविलें.

११ मार्च १८१२ च्या रात्रीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, अनेक भाषांचे खिळे आणि कित्येक वर्षें खपून तयार केलेलीं हस्तलिखितें भस्म झालीं. छापण्याचीं यंत्रें तेवढीं वांचलीं. ही वार्ता इंग्लंडास पोहोंचण्यास सहा महिने लागले. परंतु नंतर सुमारें दोन महिन्यांत १०,००० पौंडांच्या घरांत रक्कम गोळा झाली. अन्य पंथांच्या लोकांनींही हात दिला. शेवटीं फुलर यांनाच 'आतां पुरे' असें सांगावें लागलें. वीस वर्षांपूर्वींच्या तेरा पौंडांशीं हा आंकडा ताडून पाहावा.

पण कथा येथें संपत नाहीं. फुलर गेले, जुने स्नेही एकामागून एक गेले, आणि मंडळाचा कारभार नव्या लोकांच्या हातीं आला. श्रीरामपूरच्या इमारती व मालमत्ता कोणाच्या सत्तेखालीं असावी, हा वाद उपस्थित झाला. कॅरे हे १८०१ पासून फोर्ट विल्यम कॉलेजांत शिकवीत आणि घरखर्चापुरतें ठेवून बाकीचा पगार सामाईक फंडांत घालीत. त्यांच्या सोबत्यांचीही तीच रीत होती. तेव्हां स्वतः मिळविलेल्या पैशावर परक्यांनीं हुकूम चालवावा, हें त्यांस रुचलें नाहीं. उलटपक्षीं, लोकांची वर्गणी घेणाऱ्या मंडळानें हिशोब मागावा, हेंही अयोग्य म्हणतां येत नाहीं. अखेर १८२७ सालीं दोन्ही पक्ष विभक्त झाले, आणि १८३४ सालीं कॅरे निवर्तले तेव्हांही ती फूट सांधली गेलेली नव्हती.

कॅरे यांच्या धर्मप्रसाराच्या हेतूविषयीं आपलें मत कांहींही असो, ह्या इतिहासांत आपल्यासाठीं एक बोध आहे. माझें आयुष्य शाळेंत गेलें, आणि वर्गणीवर उभ्या राहिलेल्या संस्था मीं जवळून पाहिल्या आहेत. देणारा व घेणारा एकमेकांस नांवानें ओळखतात, एकमेकांच्या अडचणी जाणतात, तोंवर पावतीसही आभारपत्राचें मोल येतें. ती ओळख सरली म्हणजे आभारपत्रही नुसती पावती होऊन बसतें. म्हणून संस्थेच्या चालकांनीं हिशोब चोख ठेवावाच. पण ज्यांनीं पहिला रुपया दिला त्यांचीं नांवें नव्या पिढीस सांगत जावें, आणि दूर राबणाऱ्या माणसास वर्षांतून एखादें पत्र तरी केवळ कुशल विचारण्यासाठीं लिहावें.